पक्का रंग

रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळत घालावेत, हे तुमच्याही घरात कुणीतरी सांगितलं असेल. आमच्याकडे आजी सांगायची. वर्ध्याच्या मे महिन्यात एखादी ओढणी दुपारभर गच्चीवर विसरली की वरची घडी फिकी पडायची, आतली तशीच गडद राहायची. मग आठवडाभर बोलणी खावी लागायची.

आजी शाळेत गेली नव्हती, पण ऊन रंग खातं हे तिला ठाऊक होतं. २००९मध्ये एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला जो प्रकल्प मिळाला, त्याचं भलंमोठं इंग्रजी शीर्षक बाजूला ठेवलं तर आतला मुद्दा एवढाच होता. रंग मिसळलेलं पाणी घ्यायचं, त्यात धातूचा अंश असलेली एक पांढरी पूड टाकायची, वरून अतिनील प्रकाश सोडायचा आणि रंग किती वेळात नाहीसा होतो ते मोजायचं.

आमच्या घरात मात्र या प्रकल्पाची एक अडचण होती. आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, अख्खी नोकरी हिंगणघाटच्या एका गिरणीच्या रंगखात्यात गेली होती. प्रकल्प समजावून सांगितला तेव्हा ते बराच वेळ हसत राहिले. म्हणाले, "आमची जिंदगी रंग पक्का करण्यात गेली, अन् तू तो घालवून राह्यली."

या लेखातला बराचसा इतिहास मी त्या एका वाक्याचा मागोवा घेताना वाचला.

*

हिंगणघाट वेणा नदीच्या काठावर आहे. इथल्या कापसाचं नाव इंग्रजांच्या काळात परदेशी व्यापाऱ्यांनाही माहीत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली आणि शतक संपायच्या आत हिंगणघाटला आणि पुलगावला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कापूस जवळ, रेल्वे जवळ, पाणीही जवळ. रंगाच्या कामाला पाणी फार लागतं. सूत रंगात बुडवायचं, मग धुवायचं, पुन्हा धुवायचं, धुवणाचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं.

गिरण्या उभ्या राहत होत्या त्याच काळात रंगांचं जग पूर्ण बदलत होतं. १८५६मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला क्विनाइन बनवायच्या खटपटीत चुकून जांभळा रंग मिळाला. तो मूळ दगडी कोळशाच्या डांबरातून आलेला. पुढे जर्मन कंपन्यांनी त्या डांबरातून रंगांची रांगच लावली. बीएएसएफ कंपनीतल्या हाइनरिश कारोने १८७६मध्ये मिथिलिन ब्लू बनवला. १८९७मध्ये त्याच कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि काही वर्षांतच भारतातली निळीची शेती बसली.

नव्या रंगांपैकी बरेच सुरुवातीला कच्चे होते. दिसायला झगझगीत, पण उन्हात टिकत नसत, धुतले की उतरत. त्यामुळे पुढची शंभर वर्षं रंगरसायनाचा सगळा जोर एका गोष्टीवर राहिला: साबणाने, घामाने, क्लोरीनने, उन्हाने, कशानेच तुटणार नाही असा रेणू बनवायचा. १९५६मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने कापसाच्या धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडणारे रंग आणले. ते धाग्याला जन्माचे चिकटतात. पण कुंडातला सगळा रंग धाग्यापर्यंत पोचत नाही. बराचसा वाटेत पाण्याशीच जुळतो, मग तो धाग्याच्या उपयोगाचा राहत नाही आणि धुवणाबरोबर वाहून जातो.

आबांच्या खात्यात रंगाची परीक्षा कशी घ्यायचे, ते त्यांनी मला एकदा जुन्या पुठ्ठ्यावर करून दाखवलं होतं. रंगवलेल्या सुताची लड पुठ्ठ्यावर ताणून बांधायची, अर्ध्या भागावर पत्र्याची पट्टी बसवायची आणि पुठ्ठा छपरावर उन्हात ठेवायचा. काही दिवसांनी पत्रा काढायचा. झाकलेला आणि उघडा भाग सारखाच दिसला, तर रंग पक्का. मध्ये रेघ दिसली, तर कच्चा. जगभरच्या कापड प्रयोगशाळांत निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांची एक मोजपट्टी वापरतात. पहिली पट्टी सर्वांत लवकर विटते, आठवी सर्वांत उशिरा. तिच्यामागची कल्पना आबांच्या पुठ्ठ्यासारखीच आहे.

रंग पक्का आहे, याचा अर्थ तो नदीतही पक्काच राहणार. लुगड्यावर आपण ज्या गुणाचे पैसे मोजतो, तोच गुण पाण्यात गेल्यावर दोष ठरतो. हे लक्षात यायला मला एम.एस्सी. करावी लागली. आबांना ते आधीपासून ठाऊक असावं. ते सांगायचे, "नाल्याच्या पान्यावरून कळे, आज खात्यात कोनता रंग चालू हाय."

*

वर्ध्यात बसून रंगाविषयी विचार करायचा तर मगनवाडीला वळसा घालून जाता येत नाही.

डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग दिली आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी नाव पडलं. संघाचं काम जे. सी. कुमारप्पा बघत. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या अशा उद्योगांवर तिथे रीतसर प्रयोग चालत. ३० डिसेंबर १९३८ला गांधीजींनी तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं.

कुमारप्पांनी तुरुंगात असताना 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या विचारात एक साधा फरक वारंवार येतो. कोळसा, खनिज तेल, खनिजं म्हणजे साठा, वापरला की संपतो. झाड, पाऊस, जनावर म्हणजे प्रवाह, तो फिरून येतो. साठ्यावर उभं राहिलेलं अर्थकारण टिकाऊ नसतं, आणि त्या साठ्यासाठी माणसं एकमेकांशी लढतात.

मी हे वाचलं ते रंगाच्या डोक्याने. डांबरातून आलेला रंग हा साठ्यातून आलेला. तो जमिनीखालून निघाला, कापडावर बसला, उरलेला नदीत गेला. त्याला परत जायला वाट नाही, कारण निसर्गात असा रेणू आधी नव्हताच, आणि त्याला सहज पचवणारे जीवाणूही नदीत फारसे नाहीत. हळद, मंजिष्ठा, डाळिंबाची साल यांच्या रंगाला ती वाट असते. मगन संग्रहालयात आजही नैसर्गिक रंगातली खादी मिळते.

इथे थांबून 'जुनं ते सोनं' म्हणायचा मोह होतो. पण नैसर्गिक रंगसुद्धा एकटा बसत नाही. तो धाग्यावर धरून ठेवायला तुरटी लागते, कुठे हिराकस, कुठे मोरचूद. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, तो माशांना मारतो. हिंगणघाटच्या एका गिरणीइतकं सूत मंजिष्ठेत रंगवायचं तर तेवढी मंजिष्ठा आणायची कुठून, हाही प्रश्न आहेच. यातल्या हिराकसाकडे मात्र लक्ष ठेवा. तो पुढे परत येणार आहे.

*

रंगीत सांडपाण्याचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे कायद्याच्या भाषेत आला तो १९७०च्या आसपास. १९५८मध्ये नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली होती, तिचं नाव १९७४मध्ये बदलून नीरी झालं. १९७०मध्ये महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं आणि १९७४मध्ये संसदेने जलप्रदूषणाचा कायदा केला. गिरण्यांना सांडपाणी शुद्ध करून सोडणं भाग झालं.

शुद्ध करायचं कसं? तुरटी आणि चुना घालून रंग खाली बसवायचा, नाहीतर कोळशाच्या थरातून पाणी गाळायचं. दोन्ही उपाय चालतात. पण रंग नष्ट होत नाही, तो पाण्यातून गाळात जातो आणि मग गाळ कुठे टाकायचा हा पुढचा प्रश्न उरतो. रेणूच तोडायचा असेल तर दुसरं काहीतरी लागतं. ते जगाला सापडलं होतं, आणि तेही डोकेदुखी म्हणून.

टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड तुमच्या आसपास सगळीकडे आहे: भिंतीच्या रंगात, कागदात, टूथपेस्टमध्ये, सनस्क्रीनमध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पांढऱ्या तैलरंगात वापरायला लागले आणि तक्रारी सुरू झाल्या. उन्हातल्या भिंतीवर हात फिरवला की हाताला खडूसारखी भुकटी लागायची. पूड तशीच राहत होती, पण तिला धरून ठेवणारं तेल मात्र ऊन पडलं की तुटत होतं.

याच सुमाराला भारतातही एक प्रयोग झाला. अलाहाबादचे रसायनशास्त्रज्ञ नीलरतन धर आणि त्यांचे सहकारी जी. गोपाल राव यांनी १९३१मध्ये 'सॉइल सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की मातीतल्या अमोनियाचं ऑक्सिडीकरण फक्त जीवाणू करत नाहीत. टायटॅनियमच्या ऑक्साइडसारखी पूड आणि प्रकाश एकत्र आले तरी ते घडतं. त्यांचा प्रश्न भारतातल्या उन्हाळी शेताचा होता. पण आज ज्याला आपण प्रकाश-उत्प्रेरण म्हणतो, ते हेच. १९३८मध्ये लंडनला गुडीव्ह आणि किचनर यांनी याच पुडीवर एक निळा रंग अतिनील प्रकाशात उडवून दाखवला. तेव्हा त्यांना रंगाच्या कारखान्याचा प्रश्न सोडवायचा होता. नदी त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती.

१९६७मध्ये टोकियो विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी अकिरा फुजिशिमा याने पाण्यात बुडवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश सोडला आणि त्यावरून ऑक्सिजनचे बुडबुडे निघाले. फुजिशिमा आणि त्याचे शिक्षक केनिची होंडा यांचा निबंध 'नेचर'मध्ये १९७२ साली आला. पुढच्याच वर्षी जगात तेलसंकट आलं आणि उन्हातून हायड्रोजन मिळवायच्या स्वप्नामागे सगळे धावले. तो फारसा मिळाला नाही. पण १९७६मध्ये कॅनडात केरी आणि सहकाऱ्यांनी याच पुडीने पीसीबी हे चिवट विष तोडलं, १९७७मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातलं सायनाइड. शेवटी भिंतीचा दोष पाण्याच्या कामी आला.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचा प्रकाश पुडीच्या कणावर पडला की एक इलेक्ट्रॉन जागेवरून उडतो आणि मागे रिकामी जागा राहते. ती जागा पाण्याच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. हा अत्यंत आक्रमक असतो. समोर जो सेंद्रिय रेणू येईल त्याला तोडत जातो, आणि पुरेसा वेळ मिळाला तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं.

अडचणी दोन. उन्हाच्या ऊर्जेत अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो. शिवाय उडालेला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा क्षणात जागेवर परत येतो आणि काहीच घडत नाही. म्हणून पुडीवर धातूचे बारीक ठिपके बसवतात. धातू इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, तेवढ्यात रिकाम्या जागेला काम करायला सवड मिळते. १९७८मध्ये क्रॉइटलर आणि बार्ड यांनी हे ठिपके प्रकाशानेच बसवायची पद्धत दाखवली: प्लॅटिनमच्या क्षाराच्या द्रावणात पूड टाकायची, प्रकाश सोडायचा, धातू आपोआप कणांवर जमतो.

*

आम्हाला प्लॅटिनम परवडणार नव्हतं. आम्ही चांदी घेतली.

टायटॅनियमचं एक द्रव संयुग आम्लमिश्रित पाण्यात थेंब थेंब सोडायचं. घाई केली की गुठळ्या होतात. रात्रभर ठेवलं की दह्यासारखं होतं. ते धुवायचं, वाळवायचं, खलात कुटायचं आणि भट्टीत ४५० अंशांवर काही तास भाजायचं. कमी भाजलं तर स्फटिक नीट बनत नाही. फार तापवलं तर त्याची रचना बदलते आणि पूड मंदावते.

२००९ म्हणजे विदर्भात भारनियमनाचे दिवस. भट्टी ४५०वर पोचायची आणि वीज जायची. माझे पहिले तीन घाणे असेच वाया गेले. मग मी पहाटे पाचला प्रयोगशाळेत जाऊ लागले. चौकीदारकाका कुलूप उघडताना म्हणायचे, "दूध तापवायला आली का?"

चौथा घाणा साधला. मग चांदीच्या नायट्रेटच्या द्रावणात पूड ढवळून दिव्याखाली ठेवली. पांढरी पूड हळूहळू राखाडी-तपकिरी झाली. चांदी बसली होती.

दहा मिलिग्रॅम प्रतिलिटर मिथिलिन ब्लू, डिस्टिल्ड पाणी, पाऱ्याचा दिवा. दीड तासात निळं पाणी पाण्यासारखं झालं. आलेख असा उतरला की सरांनी तो भिंतीवर लावला. नागपूरच्या एका परिषदेत पोस्टर द्यायचं ठरलं.

त्या शनिवारी मी हिंगणघाटला गेले आणि आबांना आलेख दाखवला.

"पानी कोनतं घेतलं होतं?"

"डिस्टिल्ड. वाफेचं पाणी, आबा."

"बॅटरीत टाकतेत ते?"

"हो, तेच."

"मंग रंग काय बॅटरीत सांडते? आपल्या वेनेचं पानी टाकून पाह्य ना बाई."

दुसऱ्या दिवशी परतताना पिशवीत वेणेच्या पाण्याचे दोन कॅन होते. सोमवारी तोच रंग, तीच पूड, तोच दिवा. दीड तास झाला, पाणी निळंच. तीन तास झाले, तरी निळं. मी तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आपला भाग काळ्या पाषाणाचा. त्यावरून आणि त्यातून वाहणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, आपण ज्याला जड पाणी म्हणतो ते. बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलक गिळून टाकतं. क्लोराइड, कुजलेला पालापाचोळा हेही त्यात वाटेकरी होतात, आणि गढूळपणा प्रकाश अडवतो. माझी पूड मूलक बनवत होती, पण ते रंगापर्यंत पोचतच नव्हते.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट कळली आणि तिने जास्त त्रास दिला. मिथिलिन ब्लू हा या परीक्षेला फारसा प्रामाणिक रंग नाही. तो स्वतःच प्रकाश शोषतो, त्यामुळे पूड निकामी असली तरी थोडा उडतो. विशिष्ट परिस्थितीत तो नुसता रंगहीन होतो, तुटत नाही, आणि हवा लागली की पुन्हा निळा होतो. तरी जगभर हजारो निबंधांत हाच रंग, हेच डिस्टिल्ड पाणी आणि असाच उतरता आलेख असतो. मीही त्या रांगेत उभी होते.

सरांना दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "प्रकल्पाचं शीर्षक उत्प्रेरक तयार करणं आहे. तो तयार झाला. नदीचं पाणी आपल्या विषयात येत नाही." ते चूक बोलत नव्हते. आठ आठवड्यांनी परीक्षा होती, पोस्टर छापायला गेलं होतं, आणि पाण्याचा कॅन कुणी मागितला नव्हता.

*

आता हिराकस. १८९४मध्ये केंब्रिजच्या हेन्री फेंटनने लिहिलं होतं की टार्टारिक आम्लात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की आम्लाचं ऑक्सिडीकरण होतं. टार्टारिक म्हणजे चिंचेतलं आम्ल. यातही तेच हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात, हे पुढे कळलं. ऊन दिलं तर वापरलेलं लोह पुन्हा कामाला लागतं आणि क्रिया वेगाने चालते. ही क्रिया आम्लात होते, आणि पाणी आम्लधर्मी केलं की बायकार्बोनेट वायू होऊन निघून जातं. म्हणजे माझ्या अडचणीवर उपाय रंगाऱ्याच्या फळीवरच होता.

एप्रिलच्या दुपारी, दिवा न लावता, मी कॉलेजच्या गच्चीवर वेणेचं पाणी, रंग, चिमूटभर हिराकस आणि पेरॉक्साइड काचपात्रात ठेवलं. वीज गेली होती, पण त्याने काही बिघडत नव्हतं. अर्ध्या तासात निळं गेलं.

हाही चमत्कार नाही. आधी आम्ल घालावं लागतं, नंतर चुना घालून ते मारावं लागतं, आणि तळाला गंजाच्या रंगाचा गाळ राहतो. पेरॉक्साइड विकत घ्यावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८पासून सांडपाणी पिण्याच्या पात्रतेचं करणारा मोठा प्रकल्प चालतो. तिथे शेवटच्या टप्प्यात अतिनील दिवे आणि पेरॉक्साइड वापरतात, पण त्याआधी पाणी दोन प्रकारच्या पडद्यांतून गाळून जवळजवळ डिस्टिल्डसारखं केलेलं असतं. पांढऱ्या पुडीला मोठं काम मिळालं ते स्वतः स्वच्छ होणाऱ्या खिडकीच्या काचेत आणि हॉस्पिटलच्या टाइलवर. नद्यांवर फारसं नाही.

नंतर मी प्रकल्पात दोन्ही आलेख छापले, शेजारी शेजारी. डावीकडे डिस्टिल्ड पाणी, उजवीकडे वेणा. हिराकसाचा प्रयोग शेवटी दोन पानांत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उजव्या आलेखावर बोट ठेवून विचारलं, "हा कशाला टाकला?" मी म्हटलं, "रंग तिथे सांडतो म्हणून." त्यांनी पान उलटलं. गुण बरे पडले, पहिल्या तिघांत आले नाही.

बांधलेली प्रत घेऊन मी हिंगणघाटला गेले. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही आलेखांवरून बोट फिरवलं, उतरत्या रेषेवरून एकदा आणि जवळजवळ आडव्या रेषेवरून एकदा. "ही वेना?" त्यांनी आडव्या रेषेवर बोट ठेवून विचारलं. मी हो म्हटलं.

"बरोबर," ते म्हणाले, आणि प्रत कपाटात गिरणीच्या कागदांवर ठेवून दिली.